दाढेतले उपाशी जंतू

मी चौथीपर्यंत शिकलेला. जंतू मला कधी दिसले नाहीत. दाढ दुखली की कळतं, एवढंच.

ही दाढ माझ्या बायकोने वाचवलेली. तीन वर्षांमागे मी ती उपटूनच टाकणार होतो. तिने दहिवलीहून हाताला धरून कर्जतला दातांच्या डॉक्टरणीकडे नेलं. "काढायची नाय. मग भाकरी कशानं चावाल? माझ्या डोक्यानं?" रूट कॅनल झालं. वर तात्पुरतं सिमेंट भरलं. कॅप बसवायला पुन्हा जायचं होतं. त्याच आठवड्यात ती अंथरुणाला खिळली, ती उठलीच नाही. दाढ तर दुखत नव्हती. न दुखणाऱ्या दाढेसाठी कोण जातं?

सिमेंट झिजून खड्डा पडला. तंबाखू तव्यावर भाजून तिने केलेली मिश्री डब्यात उरली होती. रोज सकाळी चिमूटभर त्या खड्ड्यात दाबायचो. मिश्रीने दात घट्ट होतात, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. खरं सांगायचं तर तिच्या हाताचा वास यायचा, म्हणून लावायचो.

यंदा भात झोडून झालं आणि गाल सुजला. कर्जतच्या त्याच डॉक्टरणीने दाढेचा फोटो काढला.

"बाबा, आत जंतू उरलेत."

"तीन वर्सं? आन् खाल्लं काय त्यांनी? नस तर तू काढून टाकलीस."

ती हसली. म्हणाली, दाताच्या अंगात केसाहून बारीक नळ्या असतात. औषधातून वाचलेले जंतू त्यात शिरतात. खायला मिळेना की वाढायचं थांबवतात, निपचित पडतात. मेलेल्या भाऊबंदांवर जगतात, मुळाशी अंगातलं पाणी झिरपतं त्यावर भागवतात. वरून भोक मिळालं, थुंकी-खरकटं आत गेलं की पुन्हा उठतात.

"म्हंजे चिंबोऱ्याच," मी म्हणालो. उन्हाळ्यात शेत तडकतं तेव्हा हे खेकडे बांधातल्या बिळात खोल पडून राहतात. खाणं नाही, हलणं नाही. पाणी शिरलं की बाहेर.

मला त्या जंतूंचा राग आला नाही. बायको गेल्यापासून मीही सकाळचा भात संध्याकाळी, नाहीतर नुसता चहा, असाच पडून होतो.

"पुन्हा उघडून साफ करते. खात्री देत नाही. पण मिश्री बंद, आणि कॅप बसवायचीच. जमत नसेल तर काढून टाकू."

घरी मिश्रीचा डबा बुडाला आला होता.

"तिच्या हातची हाय गं ती."

डॉक्टरणीने हातातलं हत्यार खाली ठेवलं. "डबा ठेवा, बाबा. वास घ्या. तोंडात नको. दाढ पण आजींनीच वाचवलीय ना?"

तीनदा जावं लागलं. गेल्या आठवड्यात कॅप बसली. टिकेल का, ते सहा महिन्यांनी फोटो काढल्यावर सांगते म्हणाली.

काल मी तांदळाची भाकरी थापली. वाकडी झाली, कडेला करपली. बायकोने असली भाकरी कुत्र्याला घातली असती. मी त्याच दाढेने चावून सगळी खाल्ली.