पुसट रेघेवरच्या मुंग्या

गुळाच्या डब्याभोवती बायकोनं मुंग्यांचा खडू ओढला होता, काटकसरीनं, अगदी पुसट. सकाळी बघतो तर मुंग्या त्या रेघेवरून खुशाल ये-जा करत होत्या. जाड रेघेनं मेल्या असत्या. पुसट रेघेनं त्यांना विष पचवायला शिकवलं.

मी चौथी नापास माणूस. पण डॉक्टरीणबाई परवा जे बोलल्या, ते मला त्या मुंग्यांपाशी उमगलं. "बाबा, एचआयव्हीचा विषाणू तुमच्या गोळीला सरावलाय. गोळ्या चुकवल्यात का?" मी भडकलो. एक दिवस चुकवला असेल तर शपथ! मोठी गोळी घशाखाली उतरत नाही म्हणून बायको ती कुटून गुळात कालवून द्यायची आणि मी डोळे मिटून खायचो.

शेजारी बसलेली बायको तिथंच रडायला लागली. तिच्या तपासणीत काही निघालं नाही, असं तिनं मला सांगितलं होतं. निघालं होतं. दवाखान्याच्या रांगेत उभं राहायची लाज, म्हणून माझ्यातली अर्धी गोळी ती खात होती.

"जन्मभर भाकर अर्धी-अर्धी खाल्ली, मग गोळीचंच काय एवढं?" घरी आल्यावर म्हणाली.

"अगं, अर्ध्या भाकरीवर माणूस जगतं. मला सांगायचं तरी!"

विषाणूवर माझा राग नाही, तो वैरीच. पण घास भरवणाऱ्या हातावर कोण नजर ठेवतं?

आता दोघांना वेगळ्या गोळ्या आहेत. ती तिची माझ्यासमोर गिळते. मी माझी अख्खी गिळतो, घशात अडली तरी. ती गुळाचा खडा पुढं करते. मी नको म्हणतो.