फ्लेक्सवरचे हंस

जीप दारात येऊन उभी राहिली तरी पाळकसाहेबांची प्रार्थना संपली नव्हती. राहुरीकडच्या आमच्या गावात कुणी परदेशी निघालं की घरात बसून प्रार्थना होते, आणि ती कितीही लांबली तरी मध्येच उठता येत नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आई डोळे मिटून रडत होती आणि माझी धाकटी बहीण करुणा एक डोळा उघडून माझ्याकडं बघत हसत होती. निघताना पप्पा एवढंच म्हणाले, "फोटो पाठवत जा. तुझा नको, तिथला. तुला आम्ही ओळखतो." पप्पा झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले, त्यांना माणसांपेक्षा भूगोल जास्त आवडतो.

मी सरकारी दवाखान्यात पर्मनंट नर्स होते. तिथं राजीनामा दिला आणि इंग्लंडात, समुद्रकाठच्या एका लहानशा गावी, म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये आले. नर्स म्हणून नव्हे, केअरर म्हणून, म्हणजे म्हाताऱ्यांना न्हाऊ-जेवू घालणारी. यातला फरक इथं पोचल्यावर कळला. मागं राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे, कारण दोघांशीही मी खोटं बोलले आहे.

माझी खोली त्याच इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. खिडकी चार बोटं उघडते, त्याहून जास्त नाही. कुणी म्हातारा खाली पडू नये म्हणून सगळ्याच खिडक्यांना तसा खटका आहे. खाली उतरलं की ड्युटी, वर चढलं की झोप. रोटा, म्हणजे ड्युट्यांचा तक्ता, मॅनेजर लावते आणि त्यात माझा फक्त रविवारचा अर्धा दिवस मोकळा. व्हिसा या नोकरीला बांधलेला. ही सोडली की थोड्या दिवसांत व्हिसाचे कागद करणारा दुसरा मालक, म्हणजे स्पॉन्सर, शोधायचा, नाहीतर गाशा गुंडाळायचा. परत जाऊन तरी काय? माझी जागा केव्हाच भरली गेली आणि सरकारी भरतीचं माझं वय उलटलं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते मला शाळेत नीट समजलं नव्हतं, आता समजतं.

त्या अर्ध्या दिवसात मी समोरच्या किनाऱ्यावर जाते. नदी जिथं समुद्राला मिळते तिथं हंस असतात. समुद्रात हंस राहतात हे मलाही ठाऊक नव्हतं. पप्पा वर्गात शिकवायचे की हंस दुधातलं पाणी बाजूला सारून नुसतं दूध पितो. इथले हंस गटाराच्या पाइपाशी चोच घालून काय काय बाजूला सारतात ते पप्पांना कसं सांगणार? पोटाला हिरवा चिखल, जवळ गेलं की फुसकारतात, आणि एकानं तर माझी पिशवीच ओढली. पण मोबाइलमध्ये फार देखणे दिसतात. मी इमारतीकडं पाठ करून उभी राहायची. पाइप आला की कापायचा, कचऱ्याचा डबा आला की कापायचा. उरलेलं निळं-पांढरं तेवढं घरच्या ग्रुपवर टाकायचं.

पप्पांनी त्यातला एक फोटो नगरला नेऊन त्याचा फ्लेक्स केला आणि नाताळात दारावर लावला. वर प्रभूच्या कृपेनं वगैरे मजकूर, खाली माझं नाव आणि इंग्लंड, मध्ये दोन हंस. चर्चमधली माणसं त्याच्यापुढं उभं राहून सेल्फी काढायची. एवढ्यावर भागलं नाही. थंडीत मुळा धरणाच्या पाण्यावर परदेशी पक्षी उतरतात ते हेच, अशी पप्पांची समजूत झाली. फोनवर म्हणाले, "तुझे हंस आले का बघायला गेल्तो." मला सांगता आलं असतं की हे इथलेच, ते कुठं जात नाहीत. मी म्हटलं, "येतील, पप्पा."

मग करुणाचा फोन आला. तीही सरकारी नर्स, माझ्यानंतर लागलेली, माझ्यासारखीच पर्मनंट. एजंटकडं कागद देऊन झाले होते आणि सोमवारी ती राजीनामा देणार होती. "ताई, तुझ्या हंसांच्या गावालाच नोकरी मागितलीय मी," म्हणाली. तिला ह्या वाटेला मीच लावलं होतं, एकेक फोटो कापून.

त्या रविवारी मी किनाऱ्यावर उलटी फिरले आणि हंसांकडं पाठ करून इमारतीचा फोटो काढला. वर जाऊन खोलीचा काढला, चार बोटं उघड्या खिडकीचा काढला, रोटाचा काढला. काही न कापता सगळे ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, मी इथं अडकले आहे, करुणा, राजीनामा देऊ नकोस.

आधी पप्पांचा फोन आला. म्हणाले, "ह्यात हंस कुठं हायेत?" आईनं फोन हिसकावून घेतला, "तू जेवतीस का न्हाई ते सांग आधी." शेवटी करुणा. "लई छान, ताई. सोताला मिळालं, आन आता दार लावून घेतीस व्हय? एवढं वाईट हाय तर तू का येत न्हाईस?"

मी आडाविहिरीचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

सोमवारी तिनं राजीनामा दिला नाही. त्याला आता आठ महिने झाले, आणि आठ महिन्यांत ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. आईकडून कळतं, तिची बदली झाली, तिनं स्कूटी घेतली, गावात कुणी विचारलं तर म्हणते की ताईनं येऊ दिलं न्हाई. मला वाईट वाटतं, खोटं का बोलू? एके काळी घर म्हणजे मला एक दिवस परत जायची जागा होती. ते आता मी मनातून सोडून दिलं आहे. आता घर म्हणजे जिथं माझी बहीण सकाळी आपल्या ड्युटीला जाते आणि वाटलं तर ती ड्युटी सोडूही शकते. करुणा, माझ्यावर खुशाल रागाव. आयुष्यभर रागाव. पण तिथूनच रागाव.