दादांनी निवडलेला लॅपटॉप

मला पहिली नोकरी लागली ती घरबसल्या करायची होती. पुण्यातल्या एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाचायच्या आणि त्यांना गोड उत्तरं लिहायची. माझ्यासारख्या तापट बाईला हे काम कुणी दिलं, देव जाणे. लॅपटॉप मात्र ज्याचा त्यानं घ्यायचा होता. वडील, म्हणजे आमचे दादा, म्हणाले, "मी बी येतो."

नारायणगावच्या दुकानात शेठनी दोन लॅपटॉप चालू करून समोर ठेवले. एक ऑफिसकामाचा. पातळ, बिनआवाजाचा, बॅटरी दिवसभर टिकणारा. दुसरा गेमिंगचा, जाडजूड, कळांखाली लाल दिवे, पडद्यावर गेम चालू.

"ताई, तुमच्या कामाला पहिलाच बरा," शेठ म्हणाले. "हा दुसरा फार तापतो, पंखाही ओरडतो. पोरं नेतात गेम खेळायला."

दादांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. पुढे पिंपरी पेंढारला शेतीत रमले, तरी कुठलीही वस्तू घेताना जनावर पारखल्यासारखा हात फिरवायचे. तसा दोन्ही लॅपटॉपांवर फिरवला. थंडीचे दिवस होते. गेमिंगवाल्याच्या बाजूच्या जाळीतून गरम वारा येत होता, तिथं त्यांचा हात थांबला तो थांबलाच.

"ह्यात जीव हाय," ते म्हणाले. "ह्योच घे."

शेठ हसले. मी भांडणारच होते, पण त्यांच्या बोटांकडे लक्ष गेलं. दादांच्या हातांत रक्त नीट पोचत नसे. गारठा पडला की बोटं निळी व्हायची, ठणकायची. हात गरम ठेवा, नाहीतर एखादं बोट काढावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हातमोजे दिले तर म्हणायचे, "मंग भाकर कशी मोडू?" मी गेमिंगचा लॅपटॉप घेतला.

त्यानं मला छळलं. वीज गेली की तासाभरात मान टाकायचा आणि मी मीटिंगमधून गायब. दादा मायेनं त्याच्याखाली घोंगडी घालायचे, मग वारा कोंडून तो बंदच पडायचा. मी घर डोक्यावर घ्यायचे. पण सकाळी ते शेजारी येऊन बसत, दोन्ही हात जाळीपाशी धरत आणि म्हणत, "तू कर तुझं काम. मी न्हाय बोलत."

अडचण अशी की गोड उत्तरं लिहून लॅपटॉप तापत नाही. म्हणून मी त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम घातला. गाडी सुरुवातीच्या रेषेवर नुसती उभी करायची, वर तक्रारींचं पान उघडायचं. पंखा गरगरू लागायचा.

"आज लई काम दिसतंय," दादा म्हणायचे.

"हो ना, श्वास घ्यायला फुरसत नाही."

ती गाडी मी एकदाही पळवली नाही. दादांची बोटं मात्र शाबूत राहिली, आणि त्याचा मला फार आनंद होता.

मागच्या थंडीत त्यांचं हृदयच थकलं. मंचरला दवाखान्यात ठेवलं, आई उशाशी बसून होती. दादांचे हात बर्फासारखे लागत होते. मी घरून लॅपटॉप आणला. सिस्टर वैतागल्या, "इथंही काम?" सुट्टी मिळाली नाही, असं मी ठोकून दिलं. लॅपटॉप पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवला, जाळी दादांच्या हाताकडे केली आणि गाडी रेषेवर उभी केली. पंख्याच्या आवाजानं त्यांनी डोळे उघडले.

"काम हाय?"

"लई."

"मंग कर. माझ्याकडं नको बघू."

त्यानंतर ते बोलले नाहीत. दुपारी डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, छातीला स्टेथोस्कोप लावला आणि आईला हळूच सांगितलं, गेले. आईनं झेप घेऊन त्यांचा हात धरला.

"गरम हाय की! डाक्टर, हात गरम हाय, नीट बघा!"

डॉक्टरांनी पुन्हा नाडी पाहिली. आई तो हात गालाला लावून माझ्याकडे बघत होती. "तू तरी सांग गं त्यांला. गरम हाय का न्हाय?"

"गरम आहे," मी म्हणाले. मग मी लॅपटॉप बंद केला आणि आईशेजारी बसले. हात गार व्हायला बराच वेळ लागला.