सगुणाबाईंची तडजोड

सगुणाबाई मला पहिल्यांदा भेटल्या, तेव्हा त्या माझा चेहरा बघायला आल्या होत्या. अकोल्याच्या दिवाणी कोर्टाच्या आवारात मी चहा घेत उभा होतो. हिरवं लुगडं नेसलेली, उजव्या डोळ्यावर पदर ओढून घेतलेली चाळिशीची एक बाई सरळ माझ्यासमोर येऊन थांबली.

"तुमीच ना सेठचे वकील?"

मी हो म्हटलं. त्यांनी मान जराशी वळवली आणि डाव्या डोळ्यानं मला सावकाश न्याहाळलं. "उद्या तुमी मले खोटी पाडान. आतमंदी लय गर्दी रायते, अन् मले एकाच बाजूनं दिसते. म्हनून आजच पाहून ठेवलं," असं म्हणून, रामराम करून त्या निघून गेल्या. आवाजात राग नव्हता. बाजारात भाजी घेण्याआधी माणूस ती हातात धरून बघतो, तसं त्यांनी मला बघितलं होतं.

विदर्भ तेव्हा मुंबई राज्यात होता. सगुणाबाई हिवरखेडच्या, माळ्याच्या घरातल्या. नवरा लवकर गेला; केळीचा आणि भाजीपाल्याचा मळा त्या एकट्या सांभाळत. सातपुड्याचा पायथा जवळ, त्यामुळे रानडुकरांचा उपद्रव फार. पिकाच्या राखणीसाठी सरकार ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुकीचा परवाना देई. नवऱ्याच्या नावचा परवाना बाईच्या नावावर करायला कचेरी तयार नव्हती. सगुणाबाईंनी तहसीलच्या पायऱ्यांवर रोज शिदोरी घेऊन बसायला सुरुवात केली आणि परवाना मिळाल्यावरच बसणं थांबवलं. मग अकोल्याला येऊन त्यांनी माझ्या अशिलाच्या, म्हणजे सेठच्या, दुकानातून बंदूक घेतली.

एका तिन्हीसांजेला रताळ्याच्या वाफ्यात डुकरांचा कळप शिरला. सगुणाबाईंनी नेम धरून चाप ओढला. ठासणीच्या बंदुकीत नळीचं मागचं तोंड आट्यांच्या एका जाड लोखंडी खुंटीनं बंद केलेलं असतं. गोळी पुढे जायच्या ऐवजी ती खुंटीच मागे उडाली. त्यात त्यांचा उजवा डोळा गेला.

नुसत्या एका डोळ्याचा दावा असता तर तो मी महिन्याभरात गुंडाळला असता. पण इस्पितळात पडल्यापडल्याच त्यांच्या कानावर आलं, की तशीच बंदूक घेतलेल्या अडगावच्या एका माणसाचा गाल मागून आलेल्या जाळानं भाजला होता. बरं वाटताच त्यांनी अकोल्यातले एक वयोवृद्ध वकील गाठले, आणि त्या वकिलांनी कायद्याच्या पुस्तकातलं एक धूळ खात पडलेलं कलम शोधून काढलं: एकाच तक्रारीचे पुष्कळ लोक असतील, तर एकानं सगळ्यांच्या वतीनं दावा चालवावा. आमच्या कोर्टात असा दावा मी तरी पाहिला नव्हता. सेठ हसले. बाईनं दारू जास्त ठासली, एवढंच त्यांचं म्हणणं. सेठ काही वाईट माणूस नव्हते. बाहेरच्या कारखान्याचा माल त्यांनी विश्वासानं विकला होता, आणि तो कारखाना आता त्यांनाही दाद देत नव्हता.

दाव्याची दवंडी गावोगाव पिटली, पण एकही माणूस पुढे आला नाही. कोर्टात बंदूक दाखवली तर परवाना जाईल, ही प्रत्येकाच्या मनातली धास्ती. तेव्हा सगुणाबाईंनी बैलगाडी जुंपली. अकोट, तेल्हारा भागातल्या गावांत त्या घरोघर फिरल्या. सभा घेत नसत. ओसरीवर बसत, पाणी मागत आणि डोळ्यावरचा पदर बाजूला करत. लहान पोरं आत पळत. मग त्या घरधन्याला सांगत, "बंदूक देली तं डुक्कर अर्धं पीक खाईन. ठेवली तं बंदूकच तुमाले खाईन. पाह्य बापा, इचार कर."

हळूहळू माणसं कोर्टात नावं द्यायला येऊ लागली. ज्यांनी हाकलून दिलं, त्यांच्याकडे त्या पुन्हा गेल्या. अशांत त्यांचा सख्खा दीरही होता, महादेव. त्याच्याजवळ तशीच बंदूक होती आणि परवान्याचा त्याला जीव की प्राण. तो माझा साक्षीदार झाला. वहिनीला दारूचा अंदाज नाही, ती नेहमीच जास्त ठासते, असं त्यानं शपथेवर सांगितलं. सगुणाबाई खाली बसून ऐकत होत्या. कोर्ट सुटल्यावर मी पाहिलं, त्या गाडीत बसल्या होत्या आणि महादेव फाटकाशी घुटमळत होता. "बसा भाऊजी," त्या म्हणाल्या, "एस्टी निंगून गेली." दीर-भावजय एकाच गाडीतून हिवरखेडला गेले. मुक्काम करत जायच्या त्या लांबच्या वाटेवर दोघं काय बोलले असतील, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

कज्जा लांबला, तशी सेठनं माझ्यामार्फत तडजोड मांडली. सगुणाबाईंना डोळ्याची भरपाई, चांगली बंदूक, आणि दावा मागे. त्या आपल्या वकिलांबरोबर माझ्या घरी आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् बाकीच्या बंदुका?"

त्यांचा या तडजोडीशी संबंध नाही, असं मी समजावलं.

"मंग ही तडजोड कायची, वकीलसायेब? माहा डोया तं गेला. त्या बंदुका अजून घराघरात टांगून हायेत."

सेठ चिडले. कारखाना हात वर करून मोकळा झालेला. दोन्ही खर्च त्यांना झेपणारे नव्हते, हे खरंच होतं. त्यांनी निर्वाणीचं सांगितलं: सगळ्या बंदुका परत घेऊन त्याच परवान्यांवर दुसऱ्या देतो, पण मग बाईला डोळ्याचं काही मिळणार नाही. ही अट मी सांगितली तेव्हा सगुणाबाईंच्या वृद्ध वकिलांनी मान खाली घातली. त्यांनी सगुणाबाईंना नको म्हणायचा सल्ला दिला. सगुणाबाईंनी अंगठा पुढे केला.

न्यायाधीशांनी त्यांना समोर बोलावलं. बाकीच्यांचं भलं होईल, पण तुमच्या इजेबद्दल तुम्हाला काहीच मिळणार नाही, हे नीट कळलं आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

"कयलं सायेब," सगुणाबाई म्हणाल्या. "पैशाले डोये फुटत नाईत."

न्यायाधीशांनी लेखणी उचलली आणि सही केली.

बंदुका पोलिसांच्या मैदानात जमा झाल्या. त्यातल्या धड निघतील त्या आपल्याला ठेवू द्याव्यात, असं सेठचं म्हणणं पडलं. म्हणून पोलिसांच्या मिस्त्रीनं एकेक बंदूक ओंडक्याला बांधून, ठरलेलीच दारू भरून, लांबून दोरीनं चाप ओढायला सुरुवात केली. पहिल्या काही नीट उडाल्या. सेठ माझ्याकडे बघायला लागले. मग महादेवची बंदूक आली. बार झाला आणि खुंटी मागे उडून ओंडक्यामागच्या मातीच्या भिंतीत रुतली. मिस्त्रीला ती पहारीनं उकरून काढावी लागली. बंदूक खांद्याला लावली असती तर महादेवचं कपाळ नेमकं त्या खुंटीच्या वाटेत आलं असतं.

महादेव वाकून भिंतीतलं ते भोक बघायला लागला आणि त्याची टोपी खाली पडली. सगुणाबाई त्याच्याजवळ गेल्या, कंबरेत वाकून त्यांनी त्याची पडलेली टोपी उचलली, झटकली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. सेठनं पुढच्या बंदुका तपासू दिल्या नाहीत. सगळ्याच मोडा, असं ते स्वतःच म्हणाले.

सगुणाबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची शेवटची भेट साठ सालानंतरची. एका कामासाठी हिवरखेडला गेलो होतो, मुद्दाम मळ्यात गेलो. केळीच्या सावलीत त्या भरून ठेवलेल्या नव्या बंदुकीची नळी वरून पुसत होत्या. उजवा डोळा नाही म्हणून त्या डाव्या खांद्यावरून नेम धरायला शिकल्या होत्या. चाळिशी ओलांडल्यावर, उलट्या हातानं. आता भीती वाटत नाही का, मी विचारलं.

"वाटते ना." त्या हसल्या. "पर डुकराले थोडंच माईत हाय, मले भेव वाटते म्हनून."

तेवढ्यात ओढ्याकडच्या वाफ्यात खसफस झाली. त्यांनी मला हातानं मागे सारलं, बंदूक डाव्या खांद्याला लावली आणि गाल लाकडावर टेकवला. मी दोन्ही कानांवर हात ठेवून डोळे गच्च मिटून घेतले. बार झाला. डोळे उघडले तेव्हा धूर अजून हवेत होता, आणि सगुणाबाई पदर खोचून, ओढ्याकडे माग बघायला निघाल्या होत्या.