कशाला तसदी घेता

परवा फोनवर तुम्ही दोघं हसत होतात. मीच सुचवलेला जुना कृष्णधवल सिनेमा तुम्ही पाहिला होता. धाकटी म्हणाली, "आजी, तो मोठा भाऊ अगदी आजोबांसारखा वाटतो. किती गोड बोलतो!" मी विषय बदलला. ते मला बोचत राहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

तो नट मला फार मोठा वाटतो. मोसंबी सोलण्याचा प्रसंग आठवा. विधवा बहिणीसाठी तो एकेक फोड सोलतो, बिया काढतो आणि मऊ आवाजात विचारतो, "खिडकीतून कुणाशी बोलत होतीस?" नजर तिच्याकडे नाही, फळाकडे. सुरी तो नुसती धोतराला पुसतो, आणि आपला श्वास अडकतो. शेवटी तो रडतो तेव्हा त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटतो. कारण तो खोटं रडत नाही. आपण बहिणीवर माया करतो, अशी त्याची खात्रीच आहे.

तुमचे आजोबा मला 'तुम्ही' म्हणत. माझ्या नणंदा चिडवायच्या, "आमच्या दादानं वहिनीला बेगमसाहेबा करून ठेवलंय!" सगळ्या गल्लीत त्यांच्या अदबीचं कौतुक होतं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला दौलताबादच्या रस्त्यावरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नेमणूक मिळाली. होकार आठ दिवसांत कळवायचा होता. मी पत्र लिहिलं, तिकीट लावलं, पायात चपला घातल्या. आजोबा म्हणाले, "मी औरंगपुऱ्यात पोस्टाच्या बाजूला जातोच आहे. तुम्ही कशाला तसदी घेता?" मी पाकीट त्यांच्या हातात दिलं.

महिनाभर काहीच आलं नाही. शेवटी मी शाळेत गेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुमचं उत्तरच आलं नाही हो. दुसऱ्या बाईंना घेतलं."

घरी येऊन विचारलं. आजोबांनी लपवलं नाही. म्हणाले, "नाही टाकलं. रोज उन्हातान्हात जाणं तुम्हाला झेपलं नसतं." बोलताना त्यांचेच डोळे भरून आले. आणि मी, इंग्रजीत बी. ए. झालेली बाई, पदरानं त्यांचे डोळे पुसत बसले.

त्याच हिवाळ्यात हा सिनेमा मॅटिनीला लागला. मोसंबीच्या प्रसंगाला मला ते न टाकलेलं पाकीट आठवलं. शेवटाला शेजारी आजोबा रुमाल काढून रडत होते.

"बिचारा! किती जीव लावला होता त्यानं तिला."

"त्यानं तिला कोंडून ठेवलं होतं," मी म्हणाले.

"इंग्रजी वाचून वाचून तुम्हाला माणसं कळेनाशी झालीत."

पुढची पंचेचाळीस वर्षं त्यांनी मला बाजार, बँक, पोस्ट, कशाचीच तसदी पडू दिली नाही. लोक मला भाग्यवान म्हणत. मी मान हलवत असे. आता ते नाहीत, तरी त्यांना 'गोड' म्हणण्याला माझा होकार धरू नका.

काल तुमच्या वडिलांना सांगितलं, मुलांना त्यांच्या आजोबांबद्दल खरं ते लिहिते आहे. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आई, मी सांगतो ना त्यांना काय ते. तू कशाला तसदी घेतेस?"

म्हणून हे पत्र मी कुणाच्याही हातात देणार नाही. सकाळी रिक्षानं औरंगपुऱ्यात जाऊन स्पीड पोस्टानं स्वतः टाकेन. पावती माझ्या फाइलला राहील.