आधी उजवे बोट

अकरा जानेवारी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. मुलुंडच्या घराच्या खिडकीपाशी उभा राहून मी मोगऱ्याला पाणी घालत होतो. आमच्या ग्रिलला लागूनच शेजारणीची खिडकी. ती मालवणची, माझ्या पत्नीची मैत्रीण.

"भावोजी, झाड पिवळा पडला. माती बघितलात? बोट घाला."

झाड पत्नीचे, रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेले. ती गेल्यापासून पाच महिने मी रोज एक लोटा पाणी घालत आलो होतो. एकही दिवस चुकवला नव्हता. मी उजवी तर्जनी मातीत खुपसली.

"कोरडी आहे."

तिने हात लांबवून स्वतःचे बोट घातले. "चिखल झालो हा. खोटा बोलतास, की बोटाक कळणा नाय?"

पक्षाघातानंतर उजवा हात हलू लागला होता, स्पर्श परतला नव्हता. हे फक्त पत्नीला ठाऊक होते. साकीनाक्याच्या कारखान्यात लेथ यंत्रावर आयुष्य गेले. धातूच्या कडेतील केसाएवढा फरक याच बोटाने ओळखला. सुनेने आणलेला व्यायामाचा रबरी चेंडू मी कपाटात टाकला होता.

डब्याच्या तळाला भोक मीच पाडून दिले होते. ते मुळांनी बुजले होते. डाव्या हाताने खिळा घालून मोकळे केले. बरेच पाणी गळाले, त्याला कुजका वास होता. झाड तहानेने नव्हे, माझ्या नेमाने मरत होते.

शेजारणीला बोटाचे खरे सांगून टाकले आणि दुसऱ्या दिवसापासून क्रम ठरला. आधी उजवे बोट, मनाशी निकाल, मग पडताळणीला डावे. शेजारीण रोज विचारी, "आज कोण जिंकलो?"

"डावा."

पाने गळत राहिली. खोडावर नखाने ओरखडून मी आतला हिरवा रंग तपाशी. तेवढ्या वेळात पत्नीची आठवण येई. ती टाळणे मी सोडून दिले.

मार्चच्या अखेरीस, एका सकाळी, उजव्या बोटाला गार लागले. मी ते तसेच ठेवले. मग डावे घातले. माती ओली होती. खोडाच्या वरच्या पेरावर दोन कोंब होते; ते केव्हा फुटले, मला सांगता येणार नाही.

"आज कोण जिंकलो?"

"उजवा."

"मगे आज पाणी घालू नका."

भरलेला लोटा मी मोरीत रिता केला आणि उपडा ठेवला.