दानियलचा अबोला

रिग उभी होती, इंजिन गरम झालं होतं, आणि शंकर हवा सोडायला तयार नव्हता.

"काय झालं?" मी विचारलं.

"असं नाई चालू करत मी, साहेब. इथं नारळ नाई, आन् दानियलभाऊची प्रार्थनाबी नाई. दोन्हीकडून उघडं. कसं लागन पाणी?"

ही गोष्ट रामाकोन्याची, ऐंशीच्या दशकातली. थंडीचे दिवस होते, संत्र्याच्या पेट्या भरणं जोरात चाललं होतं. मी सरकारी पाणीपुरवठ्यात भूवैज्ञानिक होतो. नागपूरच्या उत्तरेला, सौंसर आणि पांढुर्णा भागात तेव्हा गावोगाव हँडपंप बसत होते. बोअर कुठे घ्यायचा ते मी ठरवायचो. चार खुंट्या जमिनीत ठोकायच्या, करंट सोडायचा आणि मीटर पाहून अंदाज बांधायचा, खाली दगड अखंड आहे की फुटलेला. फुटलेल्या दगडात पाणी असण्याची शक्यता जास्त. लोकांना वाटायचं, साहेबाला जमिनीखालचं दिसतं. साहेबाला डोंबल दिसत नव्हतं.

बोअर खोदणारं मशीन म्हणजे रिग. कम्प्रेसरची हवा लोखंडी नळ्यांतून खाली जाते, टोकाचा हॅमर दगड फोडतो आणि पूड हवेबरोबर वर उडते. पूड कोरडीच उडत राहिली तर नशीब कोरडं. तिचा चिखल व्हायला लागला की समजायचं, लागलं. रिगचे लिव्हर दानियलच्या हातात असत, तो ड्रिलर. कम्प्रेसर शंकरकडे. दोघंही चाळिशी ओलांडलेले आणि वर्षानुवर्षं एका डब्यात जेवणारे.

नारळ फुटल्याशिवाय बोअर सुरू होत नाही, हा आमच्याकडचा नियम. तो कुठल्याही सरकारी कागदावर नाही, पण त्याच्याइतका पाळला गेलेला दुसरा नियम मी पाहिला नाही. दानियल ख्रिस्ती होता. तो नारळाला हात लावत नसे, आणि कोणाला अडवतही नसे. शंकर नारळ फोडायचा. तेवढ्यात दानियल बाजूला जाऊन टोपी काढायचा, डोळे मिटायचा, ओठ हलायचे. मग टोपी घालून लिव्हर धरायचा. खोबरं तो घेत नसे. त्याच्या वाटणीचं शंकर खात असे, आणि या व्यवस्थेवर शंकर फार खूश होता.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात दानियलची बायको रूथ काविळीनं गेली. नागपूरच्या दवाखान्यात तिच्या खाटेशी बसून त्यानं रोज प्रार्थना केली होती. त्याच्या चर्चमधल्या सगळ्यांनी केली होती. तो कामावर परत आला तेव्हा पहिल्यासारखाच वाटला. लिव्हरवरचा हात तसाच हलका, बोलणं तसंच कमी. फक्त नारळ फुटायच्या वेळी तो बाजूला गेला नाही. टोपी डोक्यावरच राहिली.

मी काही बोललो नाही, पण रोज बघू लागलो. चौकशा करणं हा माझा धंदाही आणि स्वभावही.

त्यातच पांढुर्ण्याकडचे बोअर ओळीनं कोरडे जायला लागले. दोष माझ्या अंदाजांचा होता, पण साहेबाला कोण बोलणार? एका गावच्या पटेलांनी, म्हणजे तिथल्या पाटलांनी, दानियललाच गाठलं.

"हे पाय, तुह्या देवानं तुही बायको वाचवली नाई. आन् तूबी आता त्याले हात जोडून नाई राहिला, आमी पाहतो नं. मंग आता तरी नारळ फोड तुह्या हातानं. लागन पाणी."

मला पटेलांचा राग आला. दानियल मात्र शांत होता. "पटेलसाहेब, नारळ तुमचा, मान तुमचा. माह्या हातून ते होत नाई."

परतताना जीपमध्ये मला राहवेना. "दानियल, एक विचारू? तुम्ही आता प्रार्थना करत नाही. मग नारळ फोडला असता तर काय बिघडलं असतं? पटेल तरी गप्प बसले असते."

तो बाहेर कपाशीकडे बघू लागला. मला वाटलं, जास्तच नाक खुपसलं.

"साहेब, तुमच्या घरी कधी अबोला होते का?"

"होतो की."

"कोनाशी?"

"वडिलांशी झाला होता एकदा. चांगला लांबला होता."

"मंग त्या टायमाले तुमी शेजारच्या काकाले बाप म्हनाले गेलते का?"

मी हसलो. तो हसला नाही.

"माहा अबोला आहे त्याच्याशी. मी बोलून नाई राहिलो. पण घर नाई सोडलं मी. रविवारी चर्चमंधी जातो, मांगच्या बाकावर बसतो, सगळे गाते ते ऐकतो. तोंड उघडत नाई."

"मग जाता कशाला?"

"अबोला धरला म्हनून घरी जेवाले जानं सोडते का कोनी?"

देव आहे की नाही या वादात मी कॉलेजात तोंडाची वाफ पुष्कळ दवडली होती. पण देव आहे, आपलाच आहे, आणि त्याच्याशी बोलायचं नाही, ही तिसरी बाजू मला नवीन होती. मी ती शंकरच्या कानावर घातली. तो म्हणाला, "असं आहे काय!" आणि विचारात पडला.

तर रामाकोना. वस्ती बौद्धांची होती. बायका पाण्यासाठी लांब विहिरीवर जायच्या. रिग आल्यावर सगळी वस्ती गोळा झाली. शंकरनं पिशवीतून नारळ काढला, तशा सुभद्राबाई पुढे आल्या. वस्तीत त्यांचा शब्द चाले.

"बापू, राग नोको मानू. आमच्या इथं नारळ नाई फोडत. आमी दीक्षा घेतली तेव्हाच सोडलं ते."

शंकरनं नारळ गुपचूप पिशवीत ठेवला. मग दानियलकडे पाहिलं. टोपी डोक्यावर. आणि तिथेच शंकरनं संप पुकारला.

"शंकर, पाणी दगडात असतं," मी म्हणालो. "प्रार्थनेत नाही."

"मंग पांढुर्ण्याले कुठी गेलतं?"

शंकर दानियलजवळ गेला. "भाऊ, तुमचा अबोला आहे नं? मंग निरोप तर पाठवता येते. माही बायको अबोल्यात पोरीले सांगते, तुह्या बापाले म्हना, जेवाले बसा. मी सांगू का तुमच्या देवाले?"

दानियल काहीच बोलला नाही. शंकरनं तो होकार धरला. मफलर काढला, हात जोडावे की नाही याचा क्षणभर विचार केला, आणि हात बाजूला सोडून ताठ उभा राहिला. आपल्या देवाला आपण सरळ 'तू' म्हणतो. शंकरची या देवाशी ओळख नव्हती.

"दानियलभाऊच्या देवा, मी शंकर, कम्प्रेसरवाला. दानियलभाऊ तुमच्याशी बोलून नाई राहिले. राग आहे त्याइले. पण त्याइनं तुमाले सोडलं नाई. पटेल इतकं बोलले, तरी नारळाले हात नाई लावला. मी तिथंच होतो. रूथवहिनी लय चांगली बाई होती, हे तुमालेबी माईत आहे. तर आता तुमीच आधी बोला. अबोल्यात मोठ्या मानसानंच आधी बोलाव लागते. आन् पान्याचं पाहजा."

सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला होता. हसू येत होतं की रडू, कळलं नाही. "आमी देव नाई मानत," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण अबोला आमालेबी समजते."

शंकरनं हवा सोडली. दानियलनं लिव्हर ओढला. मुरूम गेला, काळा दगड लागला, पांढुरकी पूड उडायला लागली. मध्ये एक लाल थर आला. अशा थरात कधी कधी पाणी साठतं, म्हणून मी वाकून पूड चिमटीत धरली. कोरडी ठणठणीत. नळ्यांवर नळ्या जोडल्या. शेवटी मलाच हात वर करून थांबवावं लागलं.

इंजिन बंद झालं. शंकर डोकं धरून बसला. "माह्याच तोंडानं निरोप गेला, म्हनून झालं असं."

दानियल लिव्हरपासून बाजूला आला. त्यानं टोपी काढली. या वेळी ओठ नुसते हलले नाहीत, आवाज फुटला. तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"काहून नेली तिले? इतकं मागतलं मी तुले. काहून? आन् आता या लोकाइले पानीबी नाई? सांग नं!"

पुढचं रडण्यात गेलं. वस्तीतलं कोणी हललं नाही. सुभद्राबाईंनी त्याला तांब्या दिला, लांबून वाहून आणलेल्या पाण्याचा. त्यानं तोंड धुतलं.

थोड्या वेळानं मी जवळ गेलो. अशा वेळीसुद्धा मला विचारल्याशिवाय राहवलं नाही. "काय मागितलंत?"

"मागतलं नाई, साहेब. भांडलो." त्यानं नाक पुसलं. "लय दिवसानं भांडलो. चला, दुसरा पॉइंट दाखवा."

दुसरा पॉइंट मी नाल्याच्या बाजूला धरला. रिग तिथे लागली तेव्हा शंकर हळूच म्हणाला, "भाऊ, निरोप सांगू का?"

"नोको," दानियल टोपी काढत म्हणाला. "आता माहं मी बोलतो."

तिथे पाणी लागलं. फार नाही, हँडपंपापुरतं. शंकरच्या मते ते प्रार्थनेनं लागलं. माझ्या मते नाल्यामुळे. दानियलला विचारलं तर म्हणाला, "कोरडा गेला असता तरी बोललोच असतो." त्याचं दुःख काही त्या दिवशी संपलं नाही. पुढेही कधी तो टोपी काढून बराच वेळ उभा राहायचा, आणि चेहऱ्यावरून कळायचं की आज पुन्हा भांडण आहे. आम्ही थांबायचो.

बोअर कोरडा जाणं ही आमच्या धंद्यातली रोजची गोष्ट, तिचं मला कधी विशेष वाटलं नाही. रामाकोन्याहून परतताना मात्र मी वेगळाच हिशेब करत होतो. शंकरचं आपल्या देवाशी बोलणं होतं. दानियलचं भांडण होतं. माझा देवाशी कधी अबोलासुद्धा झाला नव्हता. त्यासाठी आधी बोलणं असावं लागतं.